माती, पाणी, ऊन आणि मन

१९४६ सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस महात्मा गांधी उरुळी-कांचन येथें मुक्कामास आले. पुण्याच्या पूर्वेस सुमारें ३० किलोमीटरांवर, सोलापूरच्या रस्त्यालगत वसलेलें हें खेडें. गांधीजींचें वय ७६ वर्षांचें. ब्रिटिश मंत्र्यांचें शिष्टमंडळ त्याच आठवड्यांत दिल्लींत दाखल झालें होतें आणि स्वातंत्र्याच्या वाटाघाटी दाराशीं येऊन ठेपल्या होत्या. अशा वेळीं राष्ट्राचा हा नेता एका खेड्यांत बसून रोगी तपासीत होता. पहिल्याच दिवशीं सुमारें ३० रोगी जमले. त्यांतील कांहींना त्यांनीं स्वतः तपासलें आणि थोड्याफार फरकानें सर्वांना एकच उपचार सांगितला : रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, दूध, ताक, फळांचा रस आणि भरपूर पाणी.

ही यादी वाचून आजचा सुशिक्षित गृहस्थ बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करील. एक तर तो हंसून ती बाजूला सारील. नाहीं तर भक्तिभावानें ती शिरोधार्य मानील आणि डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या गोळ्या खिडकीबाहेर भिरकावून देईल. हंसणारा मनुष्य रोज फुकट मिळणाऱ्या आरोग्याला मुकतो; गोळ्या फेकणारा प्रसंगीं प्राणाला मुकतो. म्हणून निसर्गोपचाराचें बळ कोठें आहे आणि त्याची मर्यादा कोठें आहे, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याआंतला आहे.

या उपचारपद्धतीची अर्वाचीन मांडणी एकोणिसाव्या शतकांत युरोपांत झाली. सायलेशियांतील ग्रेफेनबर्ग या डोंगरी गांवचा व्हिन्सेंट प्रीस्निट्झ (१७९९–१८५१) हा शेतकरी. तरुणपणीं गाडीच्या अपघातांत मोडलेल्या स्वतःच्या फांसळ्यांवर त्यानें ओल्या पट्ट्या बांधल्या, आणि पुढें थंड पाण्याचे उपचार घेण्यासाठीं त्याच्या दारीं दूरदूरचे लोक येऊं लागले. बव्हेरियांतील सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) या धर्मोपदेशकानें पाण्याच्या जोडीला वनस्पति, साधा आहार, व्यायाम आणि नियमित जीवन यांची सांगड घातली. लाइपझिगच्या लुई कून्हे यानें कटिस्नानाचा प्रसार केला, तर आडॉल्फ युस्ट यानें मातीच्या पट्टीचा. कून्हे आणि युस्ट यांचीं पुस्तकें गांधीजींच्या हातीं दक्षिण आफ्रिकेंतील वास्तव्याच्या काळांत आलीं आणि त्यांनीं तीं केवळ वाचलीं नाहींत, तर स्वतःच्या पोटावर नि डोक्यावर मातीच्या पट्ट्या ठेवून त्यांतील मजकुराची परीक्षा घेतली.

तथापि या विचाराचें बीज परदेशांतूनच आलें असें समजण्याचें कारण नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत औषधांचा विचार येण्यापूर्वींच दिनचर्येचा अध्याय येतो, मग ऋतुचर्येचा. आणि त्यापुढील अध्याय तर रोग उत्पन्नच होऊं नयेत म्हणून काय करावें याचाच आहे. त्यांत वाग्भट एक मार्मिक भेद करतो. तहान, भूक, झोंप, शिंक, अश्रू, मलमूत्र हे शरीराचे वेग बळेंच अडवूं नयेत. परंतु लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर हे मनाचे वेग मात्र अवश्य आवरावेत. आजच्या नागर जीवनाकडे पाहिलें तर नेमका उलटा व्यवहार दिसतो. कचेरींत काम आहे म्हणून तहान अडवली जाते, चारचौघांत शोभत नाहीं म्हणून अश्रू अडवले जातात, रात्रीं दूरध्वनीच्या चकाकत्या पडद्यापुढें झोंप अडवली जाते. आणि मत्सराला मात्र त्याच पडद्यावर मोकळें रान मिळतें.

महाराष्ट्रांत या विषयाला प्रयोगाची बैठक देण्याचें काम लोणावळ्यास झालें. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळीं शरीराच्या आंत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं आणि दाबमापक यंत्रांनीं तपासलें. योगाचें महत्त्व केवळ श्रद्धेवर न सोडतां तें मोजून पाहावें, ही त्यांची दृष्टि होती. निसर्गोपचाराकडेही त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. जेथें मोजमाप अनुकूल साक्ष देतें, तेथें संकोच नको. जेथें तें प्रतिकूल साक्ष देतें, तेथें हट्ट नको.

गांधीजींच्या स्वतःच्या आयुष्यांत या दोन्ही साक्षी मिळतात. १९०२ सालीं मुंबईंत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानें अंथरुणास खिळला. डॉक्टरांनीं अंडीं आणि कोंबडीचा रस देण्यास सांगितलें. गांधीजींनीं तें नाकारलें आणि कटिस्नान नि पाण्यांत मिसळलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवलें. ताप १०४ अंशांवर गेला. तेव्हां त्यांनीं ओली चादर पिळून मुलाला तींत गुंडाळलें, वरून पांघरुणें घातलीं आणि पत्नीच्या स्वाधीन करून ते चौपाटीकडे गेले. पाय चालत होते आणि ओठीं रामनाम होतें. परत आले तेव्हां मुलाला घाम सुटला होता आणि ताप उतरूं लागला होता. पुढें ४० दिवस त्याला पाणी घातलेलें दूध आणि फळांचा रस यांवर ठेवावें लागलें. मुलगा बरा झाला. परंतु या कथेचा शेवट गांधीजींनीं विजयाच्या घोषणेनें केला नाहीं. हें ईश्वरी कृपेनें झालें, पाण्यानें झालें, कीं पथ्यानें आणि शुश्रूषेनें झालें, याचा निर्णय कोण करणार, असा प्रश्न त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत विचारला आहे. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. १९०२ मध्यें विषमज्वराच्या जंतूंना मारणारें औषध कोणत्याही डॉक्टराजवळ नव्हतें. तें १९४८ च्या सुमारास प्रथम हातीं आलें. आज जंतुनाशक औषध उपलब्ध असतांना केवळ ओल्या चादरीवर विसंबणें म्हणजे गांधीजींचें अनुकरण नव्हे, त्यांचें विडंबन होय. ओली चादर अंगाची उष्णता उतरवते. आंतड्यांतील जंतु मात्र जागच्या जागीं राहतो.

दुसरी साक्ष पुण्याची आहे. १९२४ च्या जानेवारींत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत होते. आंत्रपुच्छाचा दाह होऊन प्रकृति एकाएकीं ढांसळली आणि त्यांना ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती चालूं असतांनाच विजेचे दिवे विझले आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. रुग्णालयांविषयीं आणि डॉक्टरांविषयीं ज्या पुरुषानें १९०९ मध्यें हिंद स्वराज्यांत अत्यंत कठोर शब्द लिहिले होते, त्याच पुरुषानें पंधरा वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही केली. यांत विसंगति आहे असें वाटेल. पण त्यापेक्षां अधिक त्यांत विवेक आहे. सुजलेलें आंत्रपुच्छ मातीच्या पट्टीनें शमत नाहीं, आणि तें फुटण्याची वाट पाहणें हा निसर्गोपचार नव्हे.

उरुळीच्या आश्रमाची कथाही एका कबुलीपासूनच सुरू होते. पुण्यांत डॉ. दिनशा मेहता यांचें निसर्गोपचार चिकित्सालय होतें. १८ नोव्हेंबर १९४५ रोजीं गांधीजींनीं त्यांच्यासह एका अखिल भारतीय निसर्गोपचार न्यासाचें सदस्यत्व पत्करलें. तोच दिवस भारतांत २०१८ पासून निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. शहरांतील त्या संस्थेंत गरिबांची सोय करावी, असा प्रथम बेत होता. परंतु खेड्यांतला गरीब शहरांत येऊन टबांत बसणार नाहीं. उपचारानेंच त्याच्या दारीं गेलें पाहिजे, हें ध्यानीं येतांच गांधीजींनीं आपला बेत चुकीचा ठरवून उरुळीचा रस्ता धरला. तेथें त्यांचा मुक्काम जेमतेम आठवड्याभराचा झाला. पुढें विनोबांचे बंधु बाळकोबा भावे आणि सुरत जिल्ह्यांतून आलेले तरुण पदवीधर मणिभाई देसाई यांनीं तें काम चालविलें. मणिभाईंच्या हळूहळू ध्यानीं आलें कीं, उपाशी गांवाला पथ्य सांगण्यांत अर्थ नाहीं. रोग्याला दूध सांगायचें तर गांवांत दुधाची गाय हवी. म्हणून ते शेतीकडे आणि गोपालनाकडे वळले. १९६७ मध्यें त्यांनीं भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था उभारली आणि १९८२ मध्यें त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याची वाट अशी गोठ्यावरून आणि शेताच्या बांधावरून जाते.

आतां प्रत्यक्ष उपचारांकडे वळावें. मातीच्या पट्टींत गूढ असें कांहीं नाहीं. ओली माती ओलावा फार वेळ धरून ठेवते. तो हळूहळू उडून जातांना त्वचेची उष्णता बरोबर नेतो आणि डोकेदुखीच्या माणसाला गारवा नि सक्तीची विश्रांति दोन्ही मिळतात. माती मात्र स्वच्छ, चाळलेली आणि खत न पडलेली असावी, हा दंडक गांधीजींनींही घातला होता. उघड्या जखमेवर ती कधींही लावूं नये. तें धनुर्वाताला आमंत्रण होय. कटिस्नानांत टबांत कंबरेइतकें पाणी घेऊन पाय बाहेर ठेवावयाचे आणि ओटीपोट ओल्या फडक्यानें हलकेंच चोळावयाचें असतें. त्यानें मनुष्य ताजातवाना होतो. परंतु हृदयरोगी, अशक्त वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांनीं तज्ज्ञाला विचारल्यावांचून थंड पाण्याचे प्रयोग करूं नयेत.

उन्हाविषयीं तर आधुनिक शास्त्रानें जुन्या शहाणपणाला मोठा दुजोरा दिला आहे. त्वचेवर पडलेल्या उन्हानें शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होतें आणि हाडें बळकट होतात. शिवाय प्रत्येक प्राण्याच्या शरीरांत दिवस-रात्रीचें एक घड्याळ असतें. त्या घड्याळाची रचना उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रोझबॅश आणि यंग या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला कीं हें घड्याळ जुळतें. रात्रीं उशिरापर्यंत प्रखर उजेड पडला कीं तें बिघडतें. ज्याला रात्रीं झोंप लागत नाहीं, त्यानें गोळी मागण्यापूर्वीं सकाळीं अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणांत काढून पाहावा आणि झोंपण्यापूर्वींचा एक तास पडद्याविना घालवावा.

आहाराच्या बाबतींत घरोघरीं एक विसंगति आढळते. कुटुंबाचें पथ्यपाणी जी सांभाळते, तीच शेवटीं जेवते. आणि तिच्या ताटांत उरलेंसुरलें पडतें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या शंभरांपैकीं ५७ स्त्रियांच्या रक्तांत कमतरता आढळली. थकवा, चिडचिड, धाप आणि उगाच दाटून येणारें रडें यांचें मूळ पुष्कळदां स्वभावांत नसतें, तें रक्तांत असतें. पालेभाजी, कडधान्यें, तीळ, नाचणी हीं ताटांत असावींत. त्यांवर लिंबू पिळावें, कारण आंबट रसानें लोह अधिक शोषलें जातें. आणि जेवणाबरोबर चहा घेऊं नये, कारण चहानें तेंच शोषण अडतें. रक्ताची तपासणी करून गरज असेल तर लोहाच्या गोळ्याही घ्याव्यात. आणि या सर्वांहून सोपा उपाय म्हणजे घरांतल्या सर्वांनीं एकाच पंक्तीला बसून जेवावें. या निसर्गोपचारास टबही लागत नाहीं आणि मातीही लागत नाहीं.

औषध आणि आहार यांतील नातें किती जवळचें आहे, हें क्षयरोगानें भारताला दोनदां शिकविलें. एके काळीं क्षयावर डोंगरावरची हवा, ऊन, विश्रांति आणि सकस अन्न एवढाच उपाय होता. मग स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड हीं औषधें आलीं. १९५० नंतरच्या दशकांत मद्रास येथें एक प्रयोग करण्यांत आला. कांहीं रोग्यांना आरोग्यधामांत ठेवून, तर कांहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरींच ठेवून तींच औषधें देण्यांत आलीं. घरीं राहिलेले रोगीही जवळजवळ तितक्याच प्रमाणांत बरे झाले. तात्पर्य, जंतूला मारतें तें औषध. केवळ हवापालट नव्हे. परंतु कथा तेथें संपत नाहीं. २०२३ मध्यें झारखंडांतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरांतील इतर माणसांना तांदूळ, डाळ असा पुरवणी आहार दिला असतां त्यांना क्षय जडण्याचें प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें. औषधानें रोगी बरा होतो आणि अन्नानें घर वांचतें. या दोहोंना एकमेकांविरुद्ध उभें करणारा मनुष्य दोन्हींचा शत्रु होय.

राहतां राहिला उरुळीच्या यादींतला पहिला शब्द : रामनाम. त्याचा आध्यात्मिक अर्थ ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावा; शरीरावर होणारा परिणाम मात्र मोजतां येतो. २००१ सालीं इटलींतील संशोधकांनीं २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ॐ मणिपद्मे हुं हा मंत्र म्हणावयास लावून त्यांचा श्वास आणि नाडी तपासली. दोन्ही जपांच्या वेळीं श्वासाची गति मिनिटाला सुमारें सहांवर आली आणि हृदय नि रक्तदाब यांचें परस्परनियमन सुधारलें. धर्म दोन, भाषा दोन, पण श्वास एकच. संध्याकाळीं देवापुढें दिवा लावून शांतपणें स्तोत्र म्हणणाऱ्या आजीला हें कोणीं शिकविलें नव्हतें. तें तिच्या नित्यक्रमांत होतें. ज्याला स्तोत्र नको असेल, त्यानें नुसता संथ श्वास घ्यावा.

चालण्याचेंही तसेंच आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत पन्नाशी ओलांडलेल्या १५६ खिन्न रोग्यांवर एक प्रयोग झाला. १६ आठवड्यांच्या अखेरीस नियमित व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा औषध घेणाऱ्यांच्या बरोबरीची निघाली. १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, ते रोगी विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षां लवकर घरीं गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकें कमी लागलीं. चाळींतल्या खिडकींत तुळशीचें एक रोप ठेवणाऱ्या गृहिणीची दृष्टि अडाणी नव्हती.

परंतु मनाच्या दुखण्यालाही मर्यादारेषा आहे. दोन आठवडे होऊनही खिन्नता हटत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, पहांटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाहीं, जगणें नकोसें वाटतें, अशा माणसाला नुसतें फिरायला जा म्हणून सांगणें हें मोडक्या पायाच्या माणसाला धांव म्हणण्यासारखें आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे हात धरून नेलें पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेंत बोलतां येतें. तो क्रमांक घरांतल्या भिंतीवर पंचांगाशेजारीं लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

शेवटीं एक सावधगिरी. जें निसर्गांतून येतें तें निरुपद्रवीच असतें, हा भ्रम सोडला पाहिजे. आरोग्यासाठीं म्हणून सकाळीं दुधीचा रस घेण्याची रूढि शहरांत पसरली. पण दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषासमान असतो आणि त्यानें माणसें दगावल्याच्या नोंदी आहेत. रस कडू लागतांच तो टाकून द्यावा आणि पोटांत गेला असेल तर तडक रुग्णालय गांठावें. मधुमेहाच्या रोग्यानें कोणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद करूं नये वा मनानें उपवास धरूं नयेत. स्तनांत लागलेली गांठ, थुंकींतून पडणारें रक्त, छातींत उठलेली कळ, तोंड वांकडें होणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर माती, पाणी आणि काढे यांत एक दिवसही घालवूं नये. असा घालवलेला दिवस मागून परत मिळत नाहीं. अति तेथें माती ही म्हण मातीच्या उपचारालाही लागू आहे.

उरुळीचा आश्रम आजही चालूं आहे आणि ससून रुग्णालयही. पुण्याच्या एकाच रेल्वेमार्गावर, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर त्या दोन वास्तू उभ्या आहेत. एकींत तो महापुरुष रोगी म्हणून गेला आणि शस्त्राखालीं निजला. दुसरीचा पाया त्यानें वैद्य होऊन घातला. त्यानें दोहोंपैकीं एकीचेंही दार बंद केलें नाहीं. सुज्ञ कुटुंबानेंही तेंच करावें. रोजचें आरोग्य ऊन, पाणी, अन्न, श्वास आणि घरच्या माणसांचा जिव्हाळा यांच्या स्वाधीन करावें. आणि संकटाच्या वेळीं वैद्यकशास्त्राचें दार निःसंकोच ठोठवावें. उद्यां सकाळीं सूर्य उगवेल, तेव्हां या शहाणपणाचा पहिला अर्धा भाग विनामूल्य खिडकीशीं येऊन उभा राहील. खिडकी तेवढी उघडावयास हवी.